‘मक इन’ आणि विभावरीचे सहा बुधवार

तुम्हाला कधी कुणी गोड हसून ‘मक इन’ करायला सांगितलंय का? सांगणाऱ्याचे स्वतःचे हात तेव्हा कुठे होते, ते बघितलंत?

शब्द इंग्लंडचा, बोलण्यातला. अर्थ साधा: लहान-मोठं न बघता सगळ्यांनी मिळून कामाला भिडायचं. चारजणी एका खोलीत दाटीवाटीनं राहिल्या, तरी मक इन केलं म्हणतात. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, २००३ पासून हा शब्द रोज ऐकू येतो, कारण मॅनेजर लॉरेन मूळची इंग्लंडमधल्या लीड्सची.

विभावरी मिरजेत बारा वर्षं नर्स होती. इथं नर्सचं रजिस्ट्रेशन मिळेपर्यंत म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारी केअरगिव्हर. तिला तो शब्द पहिल्या दिवशीच पटला. लग्नघरात कोण कुणाला सांगतं? पदर खोचायचा आणि लागायचं. तीनला पाळी संपली तरी ती भांडी घासायची, चादरींच्या घड्या घालायची. लॉरेन म्हणायची, "विब्स, यू आर अ स्टार!" आणि ऑफिसात जाऊन चहा प्यायची. न सांगता वाढायला उठणाऱ्याच्या हातात पळी कायमची राहते, हे विभावरी विसरली.

बुधवारी चारला तिचा रजिस्ट्रेशनचा क्लास. दोन बुडाले. तिसरा बुडाला की नाव कमी, असं पत्र आलं.

त्या बुधवारी तीनला लॉरेननं टाळी वाजवली. "कमॉन गर्ल्स, लेट्स ऑल मक इन! चादरी!"

"चल की," विभावरी तिला इंग्रजीतच म्हणाली, "तू ते टोक धर. साडेतीनला मी निघणार."

"ताई, गप्प बसा हो!" सोबतची सुमेधा मराठीत पुटपुटली. "रेफरन्स तिचाच लागणार आहे."

"लागू दे. टोक धरायला सांगितलंय, पाय नाही."

लॉरेननं टोक धरलं. अकरा चादरी झाल्या, एकीचीही घडी सरळ नव्हती. विभावरी क्लासला वेळेत पोचली.

सोमवारी नवा रोस्टर लागला. विभावरीला पुढचे सहाही बुधवार दुपारी तीन ते रात्री अकरा. क्लासही सहाच उरलेत. सुमेधाच्या लेकीला संध्याकाळी सांभाळणारं कुणी नाही, त्यामुळे तिला पाळी बदलून देता येत नाही. लॉरेन म्हणते, "कुणी पाळी बदलून दिली तर माझी हरकत नाही."

तिथं बुधवारी सकाळच्या पाळीला तुम्ही असाल, तर आजच विभावरीला गाठा आणि तुमचा एक तरी बुधवार तिला द्या.