दर्यासारंगांच्या भिंतीवरच्या गौरी

ज्या सणाच्या चारही बाजूंना पाणी नाही, तो सण दर्यासारंगांच्या लेखी सणच नव्हता. लंडनच्या हॅरोत राहणारा, मूळचा सांगलीकडचा हा माणूस व्हेनिसच्या उत्सवांखेरीज कशाबद्दल बरं बोललेला मी ऐकला नाही. ‘दर्यासारंग’ हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलेलं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा हळूच सांगितलं की यांना बोट लागते; होड्यांच्या शर्यती हे हॉटेलच्या गच्चीतून बघतात, लिंबू हुंगत. तेव्हापासून ते नाव आम्हाला फारच आवडायला लागलं.

पेशाने ते भूल देणारे डॉक्टर, आणि रिटायर झाल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आरती संपली की हे प्रोजेक्टर लावून बसत. फेब्रुवारीतला मुखवट्यांचा कार्निव्हल, जुलैतला होड्यांचा पूल, सप्टेंबरातल्या शर्यती. पोरं पेंगायची, मोठी माणसं बटाटेवड्यांच्या ट्रेकडे डोळे लावून बसायची. “शेकडो वर्षांपूर्वी तिथे प्लेग आला,” दर्यासारंग सांगत. “लोकांनी देवाला वचन दिलं, आम्हाला वाचव, तुझ्या नावाचं चर्च बांधू आणि दरवर्षी होड्यांच्या पुलावरून दर्शनाला येऊ. And they still keep it! आणि आपण? हॉल मिळाला नाही तर गणपती नेक्स्ट वीकेंडला!” हे म्हणताना आवाज असा लावत, जणू ते वचन यांच्याच पणजोबांनी दिलं होतं.

आता या वचनाच्या भोक्त्याच्या घरी काय चाललं होतं ते ऐका. काकूंच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या उभ्याच्या गौरी. इंग्लंडला निघताना सासूबाईंनी गौरींचे दोन पितळी मुखवटे सुनेच्या ओटीत घातले आणि “खंड पडू देऊ नकोस” एवढंच सांगितलं. खंड पाडायला त्यांचा मुलगा समर्थ होता. व्हेनिसची तिकिटं सप्टेंबरच्या सुरुवातीची, आणि गौरी त्याच्या मागेपुढे. म्हणजे त्या यायच्या तेव्हा काकू एकतर बॅगा भरत असायच्या, नाहीतर रिकाम्या करत. काकूंना न्यावंच लागे, कारण यांना स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नसत.

त्यांच्या लाउंजमधली एक अख्खी भिंत व्हेनिसच्या मुखवट्यांनी भरलेली. प्लेगच्या डॉक्टरचा लांब चोचीचा, सोनेरी मांजराचा, एक रडका विदूषक. एक दिवस या गृहस्थांनी लॉफ्टमधून गौरी काढल्या आणि त्या मांजराशेजारी टांगल्या. “बघ, कशा blend होतात!” मला म्हणाले. अहो, गौरी त्या! कुंकवाच्या पावलांवरून घरात आणायच्या, त्या खिळ्याला? हातातला चहा तसाच ठेवून मी निघाले. काकू मात्र रोज सकाळी स्टुलावर चढून दोघींना हळदकुंकू लावायच्या. पितळ खराब होतं म्हणून हे दुपारी पुसून काढायचे.

मग काकूंच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. पुढच्या भाद्रपदाची खात्री डॉक्टर देईनात. त्या वर्षी काकू पहिल्यांदा बोलल्या, माझ्यासमोरच.

“अहो, यंदा मी येत नाही. मला गौरी बसवायच्या आहेत.”

“अगं, पण तिकिट्स नॉन-रिफंडेबल आहेत!”

“मग माझ्या सीटवर कॅमेरा ठेवा.”

आणि हा माणूस गेला. काकूंचे रिपोर्ट त्यांना आमच्यापेक्षा चांगले वाचता येत होते, तरी गेला. माझा नवरा म्हणतो, घाबरले असतील. असतील. घाबरलेला माणूस बायकोजवळ बसतो, लिंबू घेऊन गच्चीत बसत नाही.

आम्ही चौघी-पाचजणी जमलो. मी गौरी भिंतीवरून उतरवल्या. धाप लागत होती तरी काकूंनी स्वतः दोघींना उंबरठ्यावरून आत आणलं, रीतीप्रमाणे सगळं घर दाखवलं. हे स्वयंपाकघर, ही कोठी, हा फ्रीज. भिंतीपाशी आल्यावर म्हणाल्या, “आणि ही यांची मंडळी. तुमची ओळख आहेच.” आम्ही हसून हसून बेजार झालो. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य झाला, आणि काकू नऊवारीत खुर्चीवर बसून गौरींकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या दोन दिवसांत त्यांनी दुखतं-खुपतं म्हणून एक शब्द काढला नाही.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून गौरी हलवल्या, तेवढ्यात दर्यासारंग सुटकेस ओढत आले. नाक उन्हाने सोललेलं. भिंतीकडे बघून पहिलं वाक्य काय, तर “दोन खिळे रिकामे दिसतायत.”

“रिकामेच राहतील,” काकू म्हणाल्या. त्यांनी मुखवटे जुन्या साडीत गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. “तू खंड पडू देऊ नकोस गं.”

काकू त्याच हिवाळ्यात गेल्या.

पुढच्या भाद्रपदात गौरी माझ्याकडे आल्या. दर्यासारंगांना जेवायला बोलावलं, बोलवायला हवंच होतं. त्या वर्षी ते व्हेनिसला गेले नव्हते. का, ते मी विचारलं नाही. पानावर बसून बराच वेळ ते गौरींकडे बघत होते.

“उद्या या जाणार?” त्यांनी विचारलं.

“हो, काका.”

“आणि पुढच्या वर्षी परत येणार?”

“या येणार,” मी म्हणाले. ‘या’वर जोर दिला, मुद्दाम. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्यांनी मान खाली घातली, पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसले. मी त्यांच्या पोळीवर तूप वाढलं. काकूंच्या घरचा माणूस गौरींच्या देखत उपाशी उठायला नको, एवढ्यासाठीच. एरवी नसतं वाढलं.