सुरमईची ताटली

गरिबीचा अभ्यास करणारा मुंबईतला सगळ्यात खात्यापित्या अंगाचा माणूस म्हणजे माझा मावसभाऊ. विषमता त्याला कुठेही दिसते. लग्नात पंगतीच्या एकाच टोकाला जिलेबी दोनदा फिरली म्हणून तो वाढप्यांशी भांडलाय. माझ्या वाढदिवसाला त्याच्या हातात सुरी दिली, तर म्हणे, "समान नाही, गरजेप्रमाणे वाटायचा." शेजारची किडकिडीत पोरगी अर्धा केक घेऊन गेली आणि बर्थडे गर्लच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला मेणबत्ती.

तर हा दादा आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत सर्व्हेला यायचा. एक संस्था इथल्या एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचे डबे देणार होती, फक्त गरज आहे का ते दादाने शोधून सांगायचं. डब्यांचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगितलं की उत्तरं बिघडतात म्हणे. त्याची पद्धत एकच. "माणसं तोंडाने काहीही सांगतात गं, ताट खोटं बोलत नाही." म्हणजे कुठेही गेला की पुढ्यात येईल ते खायचं आणि लिहायचं, या घरात हे शिजतं. आता आमची चाळ पडली मालवणकडची. पाहुण्याला नुसत्या चहावर पाठवलं तर पूर्वज स्वप्नात येऊन शिव्या घालतील. ज्या खोलीत काही नसेल तिथून माझ्या आईला निरोप यायचा आणि दादाच्या आधी तळलेल्या सुरमईची ताटली गॅलरीतून तिकडे पोचायची. आख्ख्या चाळीला माहीत, एक दादा सोडून. कुणाची झाकली मूठ आपण उघडायची नाही, असं आईचं म्हणणं.

रिपोर्ट वाचून संस्थेच्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, रोज सुरमई खाणाऱ्यांना डबे कशाला, आम्हालाच बोलवा जेवायला. तेव्हा कुठे याच्या डोक्यात आलं की सगळ्यांची सुरमई इतकी सेम टू सेम कशी?

मग पठ्ठ्याने चाळ पुन्हा फिरायला घेतली आणि जन्मात पहिल्यांदा उपास धरला. मंगळवारी उपास, बुधवारी उपास, शुक्रवारीही उपास. बायका त्याच्या पाया पडायच्याच बाकी होत्या. शेवटच्या खोलीतली आजी मात्र सुटल्यासारखी हसली.

"बरां झालां रे, तुझो उपास आसा. सारकी तुझ्या मावशीकडे ताटली मागूक माका लाज वाटता."

आणि मग तिने आपणहून सांगितलं, सकाळी चहात बुडवून बेकरीचा कडक बटर, दुपारी झोप, रात्री उरलेला बटर.

दादा तडक आमच्याकडे. मांडणीवरची ताटली उलटी केली, तर मागे आमच्या आजीचं नाव कोरलेलं. लहानपणी याच ताटलीत तो वरणभात खायचा.

"मावशी, सगळ्या चाळीत मी तुझ्याच हातचं खाल्लं गं."

आई म्हणाली, "मग? वाईट होतं?"

डबे सुरू झालेत. दादा दिल्लीला मोठ्या अभ्यासाला गेलाय. पण डब्यात काही गोड आलं की शेवटच्या खोलीतली आजी त्यातलं थोडं आमच्या ताटलीत काढून पाठवते, उपास करून रोडावलेल्या त्या पोरासाठी. तो इथे नाही, हे आम्ही तिला दर वेळी सांगतो. ताटली येतेच.