बाळ बहिणीला देणारी शेजारीण

इथे आखातात, खलिफा सिटीत, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक शिक्षिका राहते, कॅनडाच्या पार उत्तरेकडची. पहिल्याच भेटीत मी तिला एस्किमो म्हणाले, तेव्हा तिने शांतपणे सुधारलं, "इनुइट." होकार द्यायचा तर ती बोलत नाही, नुसत्या भुवया उंचावते; नकार असेल तर नाक आक्रसते. जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेला मासा कापते आणि दार उघडं ठेवते, येईल त्याने खावा म्हणून.

गेल्या महिन्यात तिची बहीण आली आणि परत जाताना हिची दोन महिन्यांची मुलगी घेऊन गेली. कायमची! मी हादरलेच. बालहक्कांची पत्रकं लिहिणारी मी गप्प कशी बसणार? यल्ला, चला, म्हटलं, विचारूनच टाकू.

"मुलगी देऊन टाकलीस?"

भुवया वर.

"पैसे घेतलेस?"

नाक आक्रसलं. "तिला मूल नाही, मला आधीची दोन आहेत. आमच्यात असं देतात."

"अगं, पण हा त्या बाळावर अन्याय आहे! उद्या तिला कळलं तर?"

"उद्या कशाला? पहिल्यापासूनच सांगणार. मी तिच्याशी फोनवर बोलत राहणार. तुमच्यात नाही सांगत?"

माझ्या काकूने दत्तक घेतलेली माझी चुलतबहीण आता सव्वीस वर्षांची आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. तिला अजून कुणीही सांगितलेलं नाही. मीसुद्धा नाही.