मी वाचून दाखवलेला साहेब

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ती आता नाहीच. मुलाला सांगायला गेलो तर तो म्हणेल, बाबा, पन्नास वर्षांपूर्वीचा फुटबॉल, त्यात एवढं काय? आणि खरंच, एवढं काय? खून नाही, दरोडा नाही. मी एक पुस्तक चुकीचं वाचून दाखवलं — पण चुकून नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी तेव्हा सोलापुरात एका कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. गिरणीची फुटबॉलची टीम होती. सोलापुरात फुटबॉल म्हटलं की हल्ली लोक हसतात, पण होता. मागांवर काम करणारी माणसं पाळी सुटली की गिरणीमागच्या मैदानावर यायची. मैदान कसलं, नुसता मुरूम. पडलं की गुडघा सोलून निघायचा. कुणी घरी तेलुगू बोलायचं, कुणी कानडी, गोलकीपर रसूल आपल्या दखनीत शिव्या द्यायचा. इंग्रजी मात्र एकट्या मला येत होतं. यातलं हे शेवटचं लक्षात ठेवा.

रद्दीवाल्याकडे मला एका इंग्लिश खेळाडूचं आत्मचरित्र मिळालं. वरचं पान फाटलेलं होतं. इंग्लंडकडून खेळलेला माणूस, जागा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने चेंडू घेऊन पळणारा. खाणकामगाराचा मुलगा. विशीत इंग्लंडच्या टीममध्ये आला, एक मॅच वाईट गेली आणि बाहेर पडला. पुन्हा आला, तोवर महायुद्ध लागलं आणि ऐन उमेदीची वर्षं लष्करात गेली. रविवारी प्रॅक्टिस झाली की कडुलिंबाखाली बसून मी ते मराठीत वाचून दाखवायचो. सगळे त्याला नुसतं साहेब म्हणायचे. साहेब मॅचआधी गरम पाणी पितो म्हटल्यावर अख्ख्या टीमने चहा सोडला. रसूलने दोन दिवसांत पुन्हा धरला, ते सोडा.

आमचे कॅप्टन सिद्रामअण्णा. लिंगायत, अक्कलकोटकडचे, वय तेहतीस-चौतीस. त्यांचीही जागा लेफ्ट आउट. साहेबाची जी चाल मी वाचायचो ती अण्णा दुसऱ्या दिवशी बॉयलरच्या भिंतीशी एकटे घोटत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "दत्ता, ह्यो खातो काय रे?" पुस्तकात गाईचं मांस होतं. मी म्हणालो, दूध, बटाटे, पाव. "बघा!" म्हणून अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं. रसूल म्हणाला, "साब बी घासफूस खाता क्या बे?" सगळे हसले, मीही हसलो. ते पहिलं खोटं. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी मला एक कळलं — साहेब काय खातो, काय बोलतो, कसा वागतो, हे सगळं माझ्या तोंडात आहे.

आता मुद्द्याचं. मी राखीव खेळाडू होतो. राखीव लेफ्ट आउट. अण्णा मैदानावर असेपर्यंत मी बाहेर बसून हाफटाइमला चोखायला लिंबू कापणार, हे ठरलेलं. चार सीझन मी लिंबं कापली. अण्णांचा मला राग होता का? नव्हता. त्यांनीच मला डाव्या पायाने मारायला शिकवलं. मला त्यांची जागा हवी होती, एवढंच. त्या वर्षी पुण्याची टीम खेळायला येणार होती, सगळं गाव बघायला लोटणार होतं, आणि मला एकदा तरी त्या रेघेच्या आत दिसायचं होतं.

पुस्तकात आम्ही साहेबाच्या चौतिशीपर्यंत आलो होतो. इंग्लंडच्या टीममधून त्याला पुन्हा बोलावणं येतं. खरं पुस्तक असं आहे — तो जातो, खेळतो, लोक डोक्यावर घेतात, आणि चाळिशी उलटली तरी तो खेळतच राहतो. वर्तमानपत्रवाले म्हातारा म्हणून चिडवतात आणि हा त्यांच्या नाकावर टिच्चून पळतो. पुस्तकातला सगळ्यात झकास भाग तो. मी तो वाचलाच नाही. बोट ओळीवरून सरकवत राहिलो आणि सांगितलं, की साहेबाने निवडणाऱ्यांना निरोप धाडला: माझ्यामागे एक तरुण पोरगा उभा आहे, त्याला घ्या, लोक बसा म्हणतायत तोवरच माणसाने उठावं. हे वाक्य मी तिथल्या तिथे रचलं. बरं जमलं होतं. अण्णा उठून नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

मी ते असं का वाचतोय, हे मला ठाऊक होतं का? होतं. पहिल्या शब्दापासून.

तिसऱ्या दिवशी अण्णा टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. हातात धुऊन घडी घातलेला त्यांचा टीमचा शर्ट. "घे. पुण्यावाल्यांसंगं तूच खेळ." मी नको नको म्हणालो, तेवढं नाटक करावंच लागतं. ते म्हणाले, "सायबानं करून दाखिवलं, मग मला जमत न्हाय व्हय?" आणि हसले. मी शर्ट घेतला.

पुण्याशी आम्ही हरलो. मी खेळलो, म्हणजे पळलो. एकदा चेंडू मोकळा मिळाला तो गोलच्या वरून मारला. अण्णा कडेला उभे राहून ओरडत होते, "डावा पाय, दत्ता, डावा पाय!" पुढच्या सगळ्या मॅचना ते तसेच यायचे. आणि ते कडेला असले की माझे पाय चालायचे नाहीत. मी चुकलो की त्यांचा पाय जागच्या जागी हलायचा. ते मला बघवायचं नाही.

म्हणून एका रविवारी त्यांनी जेव्हा विचारलं, "खेळ सोडल्यावर सायबाचं फुडं काय झालं रे?" तेव्हा मी तिसरं खोटं बोललो, आणि हे आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट. म्हणालो, साहेब पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. एकदा सोडलं ते सोडलं. अण्णांनी जरा विचार केला. "मग रविवारचा करायचा काय त्यो?" मी म्हणालो, बाग.

पुढच्या रविवारी अण्णा आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. चाळीतल्या त्यांच्या दारासमोर तेलाच्या डब्यांत झेंडू लागला. मी तिथून जायचो तेव्हा ते डब्यांना पाणी घालत असायचे आणि लांबूनच विचारायचे, "किती मारलं रे?" मी दोन सीझन खेळलो. मग माझं लग्न झालं, गुडघा गेला, पुढे गिरणीही बंद पडली. मी बरा खेळायचो की वाईट, हे आज कुणाला आठवत नाही. अण्णांचा खेळ आठवणारे अजून भेटतात.

पुस्तक माझ्याकडे आहे. कुणी मागितलं नाही, मी दिलं नाही. अण्णांना सांगायला मला किती वर्षं मिळाली, याचा हिशोब मी करत नाही. ते माझ्या मुलाच्या लग्नाला आले होते. माझी बायको गेली तेव्हा रात्रभर माझ्याशेजारी बसून होते.

दोन वर्षांपूर्वी ते आजारी पडले. मुलीकडे होते, जुळे सोलापूर भागात. दुपारी मी भेटायला गेलो. मुलगी आत चहा ठेवत होती, खोलीत आम्ही दोघंच. हात अगदी बारीक झाले होते त्यांचे. मी त्यांच्या पायांकडे बघायचं टाळत होतो.

"दत्ता, एक इचारू का?"

"विचारा की अण्णा."

"सोडल्यावर सायबाला परत कदी खेळावं वाटलं न्हाय का रे?"

आता सांगता आलं असतं. त्याने सोडलंच नव्हतं अण्णा, एवढंच वाक्य. मी म्हणालो, "नाही अण्णा. पुस्तकात तरी तसं काही नाही."

अण्णांनी मान छताकडे वळवली.

"मला वाटलं की. लई वाटलं. रोज वाटायचं." मग म्हणाले, "माजंच मन ल्हान, दुसरं काय."

त्यांच्या मुलीने चहा आणला, तो पिऊन मी घरी आलो. पुढच्या आठवड्यात अण्णा गेले.