मुरूम कुठे सुरू होतो

वडिलांनी शेवटचा खड्डा खणला तो सरकारसाठी नव्हता, बहिणीसाठी होता.

ते मृदा सर्वेक्षण खात्यात होते. जमिनीत खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेला दिसणारे थर मोजायचे, प्रत्येक थराचा रंग, पोत, खडे, मुळं लिहायची आणि शेवटी त्या मातीला एका गटात बसवायचं, हे त्यांचं नोकरीभराचं काम. निवृत्तीनंतर ते कोपरला आमच्याकडे राहायला आले. इथे त्यांच्या कामाचं काही नव्हतं. सोसायट्यांच्या बागांसाठी ट्रकमधून लाल माती येते, तिला ते माती म्हणत नसत. माल म्हणत.

आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माणदेशातल्या आमच्या गावी राहते. आमचं घर मूळचं मेंढरांचं. वडील शिकून बाहेर पडले, मेंढरं आत्याकडे राहिली. तिचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, उतरता माळ, कुसळी गवताचा. मेंढरं तिथे चरतात. त्याखेरीज तिला दुसरं उत्पन्न नाही.

एका उन्हाळ्यात तिचा फोन आला. गायरानावर झाडं लावायचं ठरत होतं. पैसा एका संस्थेचा होता आणि संस्थेचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला. ग्रामपंचायतीने होकार दिलेला.

"आरं, माळाला कुंपान घालायचं म्हणत्यात," आत्या म्हणाली. "मेंढरं काय पत्र्यावर चारू का आता?"

झाडं लावली की ती मोठी होईपर्यंत माळ बंद. संस्थेचा एक नियम मात्र होता. माती दीड फुटापेक्षा कमी खोल असेल तिथे झाडं लावायची नाहीत, ती जागा गवतालाच ठेवायची. म्हणजे गायरानाचं भवितव्य एका गोष्टीवर होतं: माती संपून मुरूम कुठे सुरू होतो. संस्थेने माळावरून वेगवेगळ्या खोलीवरच्या मातीच्या तीन पिशव्या भरून नेल्या होत्या आणि अहवाल यायचा होता. आत्याचं म्हणणं, तोवर दादाने स्वतः येऊन बघावं.

मी तेव्हा ठाण्यात एका वृत्तपत्रात काम करत होतो, आजही करतो. ही बातमी मी करू शकत नव्हतो, कारण एका बाजूला आत्या होती. रजा टाकून वडिलांबरोबर गावी गेलो, तो टिकाव चालवायला.

सकाळी ऊन तिरकं असताना आम्ही माळावर गेलो. वडिलांनी जागा निवडायला वेळ घेतला. मेंढरांची वाट टाळली, जुनी वारुळं टाळली, उताराच्या मध्यावर थांबले. मी खणायला लागलो. वरची माती सहज निघाली. मग टिकावाचा आवाज बदलला आणि दांड्यातून हाताला झिणझिण्या आल्या.

आत्या काठी आडवी ठेवून खड्ड्याच्या काठावर बसली होती. "माझ्या भावानं सरकारात जन्मभर खड्डं खणलं," ती मला म्हणाली. "पानी कुठंच लागलं नाही."

"पाण्यासाठी नव्हते गं ते," वडील म्हणाले.

"मग आनि कशासाठी? ल्येका, तूच तेवढं इचारून घे बापाला."

वडिलांनी खड्ड्यात उतरून कडा सुरीने खरवडली, म्हणजे टिकावाचे घाव जाऊन मातीची मूळ ठेवण दिसावी. वरून नऊ इंचांपर्यंत गडद तपकिरी माती होती, गवताच्या बारीक मुळांनी भरलेली. तिच्या खालच्या भागात खडे वाढत गेले. नऊ इंचांखाली मुरूम. काळा खडक जागेवरच कुजून झालेला, करडा-पिवळा, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा. पापुद्र्यांच्या फटींत पांढऱ्या रेघा होत्या. वडिलांनी बाटलीतून सौम्य आम्लाचा थेंब टाकला, रेघा फसफसल्या. चुना. मुळं मुरमापर्यंत येऊन आडवी वळलेली. दोन-तीनच फटीत शिरली होती, तीही बोटभर.

त्यांनी मातीचा खडा ओला केला आणि रंगांच्या पुस्तिकेत धरला. तिच्यात रंगाच्या प्रत्येक चौकोनाखाली भोक असतं. मागे माती धरून दोन रंग शेजारी बघायचे. मग चिमूटभर माती तळहातावर मळून पाहिली. प्रत्येक थराची वेगळी पिशवी भरली, मुरमाचीही.

"काय निघालं?" आत्याने विचारलं.

"ही माती अजून व्हायची आहे. वरचा थर आणि खाली मुरूम, मध्ये काही नाही. आमच्याकडे हिचा गट सगळ्यात खालचा."

"खालचा म्हंजे वाईट?"

"झाडाला वाईट. गवताला हीच लागते."

आत्याला तेवढं पुरलं. तिने त्या दिवशी मटण केलं.

संस्थेच्या तपासणीचा अहवाल नंतर आला. ग्रामपंचायतीने आत्याला त्याची प्रत दिली, तिने फोटो काढून मला पाठवला. त्यात गायरानाची माती दोन फुटांहून खोल लिहिली होती. तिन्ही पिशव्यांत, अगदी खालच्या पिशवीतसुद्धा, चिकणमाती मिश्रित माती, खड्यांचं प्रमाण नगण्य. गट वडिलांनी लिहिला त्याच्या वरचा, म्हणजे जिच्यात थर पडू लागले आहेत अशा मातीचा.

वडिलांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. रागावले नाहीत. "खालच्या पिशवीत खडे नगण्य कसे असतील?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही ती प्रयोगशाळा शोधत वागळे इस्टेटला गेलो.

एका औद्योगिक इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन गाळे. बाहेर वाळत घातलेली माती, प्रत्येक ढिगावर नंबराची चिठ्ठी. बहुतेक नमुने बांधकामांच्या जागांचे आणि रोपवाटिकांचे असतात, असं तिथल्या माणसाने सांगितलं. चाळिशीचा, बोलका. वडिलांनी आपण जुन्या खात्यातले असल्याचं सांगितल्यावर त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि काम सुरू ठेवलं.

त्याने गोणपाटावर नमुना ओतला, लाकडी हातोडीने ठोकला, चाळला. चाळणीवर जे राहिलं ते परत गोणपाटावर घेतलं आणि परत ठोकलं. सगळं चाळणीतून जाईपर्यंत.

"खडे वेगळे काढून वजन करायचे असतात," वडील म्हणाले.

"काढतो ना काका. फुटत नाही ते काढतो. गोळे फोडायलाच लागतात, नाहीतर माल कमी पडतो, मग वरचे आमची वाट लावतात."

वडिलांनी पिशवीतून आपल्या मुरमाचा तुकडा काढून त्याला दिला. "हा गोळा नाही. दगड आहे."

त्याने तो गोणपाटावर ठेवला आणि एक ठोका मारला. तुकड्याची पूड झाली. "दगड? काका, असा दगड आमच्या बिल्डरला मिळाला तर तो पेढे वाटेल."

तो स्वतःच हसला. वडीलही थोडे हसले. त्या माणसाने कामात काही लबाडी केली नव्हती. काळ्या, भारी मातीची ढेकळं अशीच फोडतात, पद्धत तीच आहे. कुजलेला मुरूमही हातोडीखाली ढेकळासारखा फुटतो, एवढंच. जमिनीत तो खडक असतो आणि चाळणीतून तो माती होऊन पडतो.

"असं लिहून द्याल का?" वडिलांनी विचारलं.

"रिपोर्ट गेला काका. पार्टीला गेला. आता मी त्यात घुसलो तर माझीच विकेट."

संस्थेच्या ऑफिसात आम्हाला भेटीची वेळ मिळाली ती आणखी काही दिवसांनी. तोवर गावात खड्ड्यांसाठी यंत्र ठरलं होतं, रोपं सांगून झाली होती. खाली प्रवेशद्वारावर वॉचमनने वडिलांची पिशवी तपासली. आम्लाची बाटली त्याने ठेवून घेतली. जाताना मिळेल म्हणाला.

वर जी अधिकारी बाई भेटली ती कृषी पदवीधर होती, तिशीच्या आतबाहेर. वडिलांनी खड्ड्याचं वर्णन लिहून आधीच पाठवलेली चार पानं तिने वाचली होती, हे तिच्या प्रश्नांवरून कळत होतं. इतक्या नीट केलेलं वर्णन आपण कॉलेजनंतर पाहिलं नाही, असंही ती म्हणाली.

"पण काका, एक विचारते, राग मानू नका. माळावर ज्यांची मेंढरं आहेत त्या तुमच्या बहीण ना?"

"हो."

"मग मी वर हे दाखवलं की तिथे पहिला प्रश्न हाच येणार."

"बरोबर आहे," वडील म्हणाले. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. दुसरा खड्डा घ्या. कोणालाही घेऊ द्या."

"पावसाआधी लावायचंय. आता वेळ नाही हो."

वडिलांनी मग पिशवीतून मुरूम काढला. प्रयोगशाळेत काय होतं ते त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी तिच्या टेबलावर कागद पसरला, तुकडा तळहातावर घेतला, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि मूठ आवळून चोळायला लागले. नोकरीभर चोळून त्यांचा अंगठा एका बाजूने चपटा झाला आहे. थोड्या वेळात तुकडा मोडला, मग त्याचा चिखल झाला. त्यांनी चिखलाची वळी केली, अंगठ्याने पुढे ढकलून पट्टी काढली. पट्टी न तुटता बोटभर आली.

"बघा. खडक होता. हाताने माती केली. हातोडीनेही तेच झालं," ते म्हणाले.

बाईने हात पुढे केला. वडिलांनी पट्टी तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती दाबली, वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला.

"किती छान आहे हे! म्हणजे काका, ओलं झालं की हे मोडतं. आमचे खड्डे तर यंत्राने खोल घेणार आहोत. मुरूम मोडला जाईल, पाऊस मुरेल, दोन वर्षांत याची मातीच होईल की."

"मी चोळलं म्हणून झाली. जमिनीत कोण चोळणार?"

"मुळं."

"मुळं फटीतून जातात. फटी चुन्याने भरलेल्या आहेत. ते मी आत्ता दाखवलं असतं, पण आम्लाची बाटली खाली वॉचमनने ठेवून घेतली."

"वर्णनात लिहिलंय तुम्ही चुन्याचं. वाचलं मी." ती अजून ती पट्टी बोटांत फिरवत होती. "पण हे तर डोळ्यांसमोर झालं ना."

वडील पुढे पाच-दहा वाक्यं बोलले. सगळी बरोबर होती. यंत्राने फोडलेल्या खड्ड्यापलीकडे मुरूम तसाच राहतो. खड्डा कुंडीसारखा होतो. पावसात पाणी साचतं, उन्हाळ्यात मूळ कोंडलेलं असतं. ती ऐकत होती आणि लिहून घेत होती. शेवटी तिने त्यांचं वर्णन परिशिष्ट म्हणून जोडायचं कबूल केलं. तिने ते जोडलंही.

बाहेर आल्यावर वॉचमनने बाटली परत दिली. वडिलांनी हात धुवायला नळ विचारला.

पावसाआधी कुंपण झालं. पहिल्या वर्षी रोपं हिरवी होती, गावातून त्यांचे फोटो यायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात बरीच वाळली. वाळलेल्या जागी पुन्हा लावायची म्हणून कुंपणाची मुदत वाढवली. वडिलांनी त्याबद्दल कोणाला पत्र लिहिलं नाही. मी सुचवलं तेव्हा म्हणाले, "त्या परिशिष्टात सगळं आहे."

आत्याने पहिला पावसाळा ओढ्याच्या काठाने आणि लोकांच्या बांधांवर काढला. बांधांवरून भांडणं झाली. पुढच्या हिवाळ्यात तिने मेंढरं विकली. घेणाऱ्याने ती टेम्पोत भरून नेली. त्यानंतर ती काही दिवस आमच्याकडे कोपरला येऊन राहिली. दिवसभर खिडकीपाशी बसायची आणि समोरच्या इमारतीत कोण काय वाळत घालतं ते सांगायची.

एकदा जेवताना तिने वडिलांना विचारलं, "दादा, त्या बाईफुडं तू त्ये चुरलंस कशाला?"

"चूक कुठे होते ते दाखवायला."

"मग दिसली का तिला?"

वडील जेवत राहिले.

"नुसता दगूड ठेवायचा हुतास टेबलावर," आत्या म्हणाली. "दगूड हाय म्हनून सांगायचं अन् उठून यायचं."

"तो नुसता दगड नाही."

"आरं, मला म्हाईत हाय की. माझ्या पायाखाली हाय त्यो जन्मभर." तिने ताटातली भाकरी मोडली. "तिला कशाला सांगायचं?"

वडिलांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. आठवडा झाल्यावर आत्या गावी परत गेली. आता ती लोकांच्या शेतावर खुरपायला जाते. फोन करते तेव्हा माळाचा विषय काढत नाही, आणि वडीलही विचारत नाहीत.