डीपीच्या चोऱ्या कशा थांबल्या

ती घटना अजून माझ्या मनातून उतरलेली नाही. गुन्हा सापडला होता, आरोपींना अटक झाली, मुद्देमाल जप्त झाला, दोषारोपपत्रही मुदतीत कोर्टात गेलं. तरीही ती उतरलेली नाही. मुलांनो, तुम्ही मागे फोनवर विचारलंत की एवढी कष्टाळू माणसं असताना आपल्या गावांमध्ये धंदे उभे का राहत नाहीत. मी तेव्हा विषय बदलला, कारण ते फोनवर सांगण्याजोगं नव्हतं. आता लिहून पाठवते. नाव कुणाचंच लिहिणार नाही. काही माणसं हयात आहेत, काहींची मुलं सरकारी नोकरीत आहेत.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होते आणि कन्नड तालुक्याच्या बाजूच्या एका ग्रामीण ठाण्याचा पदभार माझ्याकडे होता. बाई ठाणेदार म्हटल्यावर लोक आधी बघायला येत, मग तक्रार द्यायला. हद्दीत मोठे गुन्हे कमी. बांधावरून मारामाऱ्या, मोटारसायकलींच्या चोऱ्या आणि डीपीच्या चोऱ्या. डीपी म्हणजे शेतात खांबांवर बसवलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पोटात तांब्याची तार आणि तेल असतं, आणि दोन्हीला गिऱ्हाईक असतं. चोरी झाली की आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं होतं, ‘अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा दाखल’. पुढे काही होईल अशी फिर्यादीलाही आशा नसे.

एका सकाळी पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस आला. चितेगावच्या एका कारखान्यात त्याने उमेदीची वर्षं फिटर म्हणून काढली होती. मग गावी परतून त्याने शेड टाकली. शेतकऱ्यांकडून अद्रक घ्यायचं, यंत्रावर धुवायचं, वाळवायचं आणि सुंठ करून बाहेर विकायची. गावातल्या काही बायकांना त्याने कामावर घेतलं होतं. शेडसाठी त्याने वेगळी डीपी मंजूर करून आणली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी शेड बंद होती, गाव रिकामं होतं, आणि सकाळपासून लाइट नव्हती. लाइट जाणं नेहमीचंच, म्हणून कुणी चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डीपी आतून पोकळ.

हंगामाचा पहिला माल शेडमध्ये धुऊन पडला होता. यंत्र चाललं नाही तर तो ढीग सडणार होता, आणि माल उधारीवर, केवळ त्याच्या शब्दावर शेतकऱ्यांनी घातला होता. तो वीज कार्यालयात गेला, तर त्यांनी सांगितलं, आधी पोलिसांची फिर्याद आणा. ठाण्यात आला, तर माझ्याच जमादाराने सांगितलं की डीपी कार्यालयाची मालमत्ता, फिर्याद त्यांच्या अभियंत्याने द्यायला हवी. या दोन दारांमध्ये त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. मी त्याला बसवलं आणि त्याच्याच फिर्यादीवरून गुन्हा दाखल करून घेतला.

जमादार जुना माणूस होता. फिर्यादी बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “मॅडम, ज्यानं दिलं त्याच्या डीपीला कुणी हात लावत नाय. ह्यानं दिलं नसंल.”

मी त्या माणसाला परत बोलावून विचारलं. तो म्हणाला, “मागितलं होतं की. मी म्हणलं, कागद समदे पुरे हायेत, मग हे कशाचं? अभियंता साहेब हसले. म्हणले, बरं, चालवा तुमची शेड.”

घटनास्थळाचा पंचनामा करायला मी स्वतः गेले. डीपीभोवती जाळीचं कुंपण होतं आणि फाटक तारेने बांधलेलं होतं. फिर्यादीला विचारलं, तर त्याने फाटकाला हात लावला नव्हता. डीपी उघडी पडलेली जाळीतूनच दिसत होती. चोर कामापुरता आत शिरतो आणि निघून जातो, मागे फाटक लावत बसत नाही. इथे तार नीट पिळून तिचं टोक आतल्या बाजूला वळवलेलं होतं. पंचनाम्यात मी ते लिहून घेतलं. पंचांना ते फालतू वाटलं असावं, एक जण म्हणाला, “बाईमाणसाची नजर हो.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढची खबर शहरातून आली. भंगारबाजारात हातगाडीवर चहा विकणारा एक माणूस आम्हाला अधूनमधून माहिती देत असे. त्याला विचारलं, तर आधी त्याने कप विसळायचं काम पुरं केलं आणि मग म्हणाला, “चोरी का माल डरते डरते आता, मॅडम. ये तांबा जीप में बैठ के आता, दिन में. मेरा नाम नक्को लो.” ती जीप कुणाची हे शोधायला फार वेळ लागला नाही. वीज कार्यालयासाठी डीपी दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराची ती होती. म्हणजे डीपी पोकळ करणारा तोच, आणि भरून देण्याचं बिल लावणाराही तोच.

ठेकेदाराकडे एक वायरमन होता. मी आधी त्याला चौकशीला बोलावलं. तो सगळ्यालाच नाही म्हणत होता. आवाज चढवला की माणूस घाबरतो, पण घाबरलेला माणूस आपल्याला हवं तेच बोलतो, आणि त्याचा उपयोग नसतो. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारावं. कामाबद्दल खोटं बोलणं अवघड जातं. म्हणून मी त्याला काम कुठे शिकला, कधी शॉक बसला का, असं विचारत राहिले. तो सैलावला. मग मी विचारलं, लाइन बंद केल्याशिवाय तुम्ही चढत नसाल?

“नाय मॅडम, मरायचंय का?”

“आणि उतरल्यावर?”

“फाटक बांधायचं. गुरं घुसतात, लेकरं जातात. तारेचं टोक आत वळवायचं, न्हायतर कुणाला तरी लागतं.”

“शेडवाल्याच्या डीपीचंही आतच वळवलं होतं.”

जमादाराचं लिहिणं थांबलं. वायरमन म्हणाला, “सवय हाय, मॅडम.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. शेवटी मी अभियंत्याबद्दल विचारलं.

“साहेब चोरी करा असं म्हणत न्हाईत,” तो म्हणाला. “मालकाला नुसतं इचारतात, त्या अमक्याचं कसं चाललंय? लाइन ते बंद ठेवतात. मग मालक आमाला धाडतो.”

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. वायरमनने दाखवून दिलेलं तांबं पंचांसमक्ष जप्त झालं, त्याच्यासह भंगारवाला आणि ठेकेदार यांना अटक झाली. पण अभियंत्यापर्यंत जाणारा धागा म्हणजे फक्त एक प्रश्न होता, एका माणसाने दुसऱ्याला सहज विचारलेला. बाजाराच्या दिवशी लाइन का बंद होती, याला कार्यालयाने ‘देखभाल’ असं उत्तर दिलं. माझ्या अहवालानंतर अभियंत्याची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. पुढे त्याला बढतीही मिळाली.

अटकेनंतर शेडवाला जबाबासाठी ठाण्यात आला. त्याने मुद्देमालाच्या खोलीत ठेवलेली तांब्याची वेटोळी पाहिली आणि विचारलं, “चोर घावला, मॅडम. लाइट कवा येईल?”

मी त्याच्यासोबत वीज कार्यालयात गेले. नवे अभियंते सौजन्याने वागले, चहा मागवला. जुन्या डीपीचं प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे निकालापर्यंत त्या जागी दुसरी मंजूर करता येत नाही, असं त्यांनी समजावलं. मी वाद घातला तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, गुन्हा तुम्हीच दाखल केलात. नियम तुम्हाला मी काय सांगू?” वरच्या कार्यालयालाही मी लिहिलं. उत्तर आलं नाही.

नंतर एकदा त्या गावावरून जाताना मी शेडवर थांबले. वास रस्त्यापर्यंत येत होता. बायका सडलेलं अद्रक पाट्यांत भरून खड्ड्यात टाकत होत्या. शेडवाला बाजूला उभा होता. एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “एवढ्या अद्रकीत समद्या तालुक्याचा चा झाला असता, मॅडम.” त्याने यंत्र विकलं, शेतकऱ्यांचे पैसे भागवले आणि परत चितेगावला गेला. या वेळी तो कंत्राटी कामगार म्हणून लागला, एके काळी त्यानेच काम शिकवलेल्या माणसांच्या हाताखाली.

त्यानंतर माझ्या हद्दीतल्या डीपीच्या चोऱ्या थांबल्या. जिल्ह्याच्या गुन्हे बैठकीत त्याचा खास उल्लेख झाला, मला प्रशस्तिपत्र मिळालं. मलाही वाटलं की अटकेचा धाक बसला.

बदलीच्या आधी निरोप घेत फिरताना एका गावात नवी डाळमिल दिसली. मालक तरणाबांड, बोलका. त्याने बसायला खुर्ची दिली. मी सहज विचारलं, कनेक्शनला त्रास झाला का?

“त्रास कशाचा, मॅडम? शेडवाल्याचं काय झालं ते समद्यांनी बघितलं. आता आमी अर्जाच्या आधीच देऊन येतो.” मग तो मनापासून म्हणाला, “तुमच्यामुळं लई बरं झालं बघा. चोऱ्या बंद झाल्या.”

लाच म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा, असं मी नोकरीला लागले तेव्हा समजत होते. या प्रकरणाने मला त्याच्या पलीकडचं दाखवलं. जो देत नाही त्याचं काय होतं हे एकदा गावाने पाहिलं की पुढे कुणाला धमकवावं लागत नाही, डीपी फोडावी लागत नाही, आमच्या दप्तरी गुन्हाही उरत नाही. सगळं शांत दिसतं. आणि ज्याला सरळ मार्गाने काही उभारायचं असतं, तो मनातल्या मनात हिशेब करून गप्प बसतो. त्याची फिर्याद कुठल्याच ठाण्यात येत नाही.

त्या भागात अद्रक अजूनही भरपूर पिकतं. मातीसकट ट्रकांत भरून परराज्यात जातं. इथे गारखेड्यात मी दुकानातून सुंठीची पुडी आणते तेव्हा मागचा पत्ता वाचते. तो आपल्या जिल्ह्यातला अजून एकदाही निघालेला नाही.