गोराईचा शिंपल्यांचा दगड

गोराईला जाणार असाल तर ओहोटी बघून निघा, नाहीतर मी ज्यासाठी गेलो होतो ते दिसणारच नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि त्या विषयाचा मला भलताच माज होता. वर्गातला डॉमनिक म्हणाला, "आमच्या गावच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा दगड आहे, चल दाखवतो. आणि माझ्या बाबाला जरा समजाव ना, यार. पावसाळ्याआधी घर सोडायला सांग."

बोरिवलीहून खाडीपर्यंत चालत, मग होडीने पलीकडे. पुढे मिठागरांच्या कडेने घामाघूम होत गावात पोचलो. त्याच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. जेवण झकास होतं, पण मागच्या भिंतीला मनगट जाईल एवढी भेग होती.

ओहोटीला किनाऱ्यावर गेलो. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा घट्ट चिकटून झालेल्या लाद्या दूरवर पसरल्या होत्या. शिंपल्यांतला चुना पाण्यात विरघळतो, कणांच्या फटींत पुन्हा जमतो आणि सुट्या वाळूचा दगड होतो, असं मी अगदी रंगात येऊन सांगत होतो. डॉमनिकच्या घरामागे मात्र लाद्या नव्हत्या, नुसता खड्डा. त्याच्या वडिलांनी, पास्कूकाकांनी, त्या फोडूनच घर बांधलं होतं. आता लाटा सरळ भिंतीवर येत होत्या.

"तू दगडाचं शिकतोस ना?" काकांनी विचारलं. "इथे परत होईल काय रे?"

डॉमनिक माझ्याकडे बघत होता. मी फक्त नाही म्हणायचं होतं. पण काकांच्या तोंडाकडे बघून माझी जीभ रेटेना.

"होईल, काका. वेळ लागेल."

कित्येक पिढ्या लागतील, हे मी गिळलं. परतीच्या होडीत डॉमनिक माझ्याकडे पाठ करून बसला.

काका घरातच राहिले. रोज ओहोटीला टोपल्या भरभरून शिंपले त्या खड्ड्यात ओतायचे, पायाने दाबायचे. श्रावणातल्या एका भरतीला मागची भिंत पडली आणि काका तिच्याखाली गेले.

मयताला गेलो तेव्हा डॉमनिकच्या आईने मला ओळखलं. "शिकलेल्या पोराने सांगितलंय, होईल म्हणून. रोज हेच बोलायचे," ती म्हणाली. रागाने नाही. तेच मला सहन झालं नाही.

परवा पुन्हा जाऊन आलो. आता घरी बसून हे लिहितोय. पन्नास वर्षं होत आली. खड्डा तसाच आहे.